सुकेळी रेकॉर्ड्स, मुक्काम भुईगाव

वसईजवळच्या भुईगावात ॲन्सेल्म तुस्कानोला रेकॉर्ड कंपनीचा मालक असं कुणी कधी म्हटलं नाही. गावाच्या लेखी तो भोंगेवाला. लग्न असो, चर्चचा सण असो, कुणाच्या पोराचा पहिला कम्युनियन असो, माडावर भोंगा बांधायचा तो ॲन्सेल्मने. पन्नाशीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं, पण माडावर असा चढायचा की खाली उभ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे एकदा बघून घ्यावं. खाली उतरला की माइक हातात घेऊन ठरलेलं वाक्य म्हणे, "ऐकायला येतंय का? नसेल येत तर सांगा." ज्याला ऐकायला येत नाही त्याने हे ऐकून सांगायचं कसं, हा प्रश्न गावाने त्याला कधी विचारला नाही. गाव सुखी होतं.

तर अशा माणसाने १९९५ साली रॉक संगीताची कंपनी काढली. कारण काय, तर भाजी.

झालं असं की ॲन्सेल्मचा भाचा एरॉल नालासोपाऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायचा. सोमवार ते शनिवार पोरांवर ओरडायचा आणि रविवारी गिटार गळ्यात अडकवून तेच काम सुरात करायचा. ड्रमवर सुमेध. हा विरारच्या फुलपाड्याचा, बाप रत्नागिरीकडचा, घर तिसऱ्या मजल्यावर. गणपतीच्या बँजो पार्टीत ढोल बडवून हात तयार झालेला, पोटासाठी कामणच्या एका गोदामात खोकी मोजायचा. बेस गिटार वाजवणारा दर दोन-चार महिन्यांनी बदलायचा, त्याचं नाव लक्षात ठेवायचा त्रास कुणी घेत नसे. आणि गाणी सगळी कादोडीत, म्हणजे या पट्ट्यातल्या घरच्या बोलीत. सुमेधला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणायचा, "मला भाषा नको, चौथी मात्रा द्या."

पोरं गाणी घेऊन वांद्र्याच्या एका स्टुडिओत गेली, बरोबर मोठं माणूस हवं म्हणून ॲन्सेल्म गेला. शेंडी बांधलेल्या साहेबाने अर्धं गाणं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "म्युझिक चल जाएगा. हिंदी में गाओ, इंग्लिश में गाओ. ये भाषा तो भाजी बेचने के लिए ठीक है."

एरॉल खाली बघू लागला. ॲन्सेल्मची आई याच वांद्र्यात टोपली घेऊन भाजी विकायची, त्याच बोलीत शेजारणींशी भांडत. पण तो भडकला नाही. भोंगेवाल्याला आवाज कमी ठेवायचं मोल कळतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पण भाजी रोज खपते. तुमची गाणी खपतात का रोज?"

एवढं बोलून त्याने पोरांना उठवलं. घरी आल्यावर चहा प्यायला, कपबशी खाली ठेवली आणि बायकोला, बेटीला, म्हणाला, "केळ्यांची खोली रिकामी कर. कंपनी काढतोय."

"कशाची?"

"गाण्यांची."

"केळ्यांच्या खोलीत?" बेटी म्हणाली. "तिथे उंदीर आहेत."

"ते ऐकतील."

ही खोली ॲन्सेल्मच्या बापाने धुरी देऊन केळी पिकवायला बांधलेली. भिंती हातभर जाड, खिडकी नावाला नाही, दार असं घट्ट की धूर आत कोंडला की बाहेर यायला परवानगी मागावी. केळ्यांचा धंदा केव्हाच मोडला होता. ॲन्सेल्मच्या डोक्यात आलं की जिथून धूर बाहेर जात नाही तिथून आवाज कसा जाईल? भिंतींना आतून त्याने वाळलेली केळीची पानं बांधली, थरावर थर, सुतळीने आवळून. वसईत सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, अशाच पानांत गुंडाळतात. आत उभं राहून टाळी वाजवली की ती हाताबाहेर पडायच्या आधीच मरायची. बेटीच्या भावाने बहारीनहून चार ट्रॅकचं रेकॉर्डिंगचं मशीन आणलं होतं, ते त्याच्याकडून 'दोन दिवसांसाठी' घेतलं. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

कंपनीचं नाव अर्थातच सुकेळी रेकॉर्ड्स.

पहिली कॅसेट निघाली तेव्हा शेजारचा बर्नार्ड कुंपणावर हात टेकून म्हणाला, "काय रे ॲन्सेल्म, हे वाजवायचं की उपासाला खायचं?"

"तुला दात आहेत का अजून? मग ठरवू."

दुकानदारांनी कॅसेट ठेवली नाही. वसई स्टेशनाजवळच्या एकाने तर भक्तिगीतांच्या कप्प्यात ठेवली, मुखपृष्ठावर एरॉलचे लांब केस बघून. मग ॲन्सेल्मने सरळ चर्चच्या सणांत टेबल टाकायला सुरुवात केली. एका बाजूला मेणबत्त्यांची बाई, दुसऱ्या बाजूला चणेवाला, मध्ये सुकेळी रेकॉर्ड्स. आपल्या आजीची बोली गिटारवर किंचाळताना ऐकून म्हाताऱ्या आधी दचकायच्या, मग हसून हसून डोळे पुसायच्या आणि एक कॅसेट घेऊन जायच्या, घरी दुसऱ्या म्हातारीला दचकवायला. आगाशी, निर्मळ, नंदाखाल. पुढे अर्नाळ्याची कोळ्यांची पोरं आली, "आमचं पन पानी हाय गान्यात" म्हणत. त्यांचीही कॅसेट निघाली. खोलीला केळ्यांचा वास, त्यात आता बोंबलांचा. बेटीने महिनाभर घराची त्या बाजूची खिडकी उघडली नाही.

आणि मग टँकरचं गाणं आलं.

त्या सुमाराला विरार आणि नालासोपाऱ्यात इमारती अशा उगवत होत्या की सकाळी कामाला गेलेल्या माणसाला संध्याकाळी आपली गल्ली सापडेना. इमारतींना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. मग टँकर भुईगावसारख्या गावांच्या विहिरींवर यायला लागले. बर्नार्डच्या वाडीत दोन विहिरी. दिवसभर तिथे पंप धडधडायचा आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी हळूहळू मचूळ होत चाललेलं. बेटीचा चहासुद्धा खारट लागू लागला तेव्हा एरॉलने गाणं लिहिलं. अर्थ साधारण असा, की विहीर खणली आजोबाने, पाइप घातला तू, आणि तहान लागली मला.

सुमेधने अर्थ विचारला. एरॉलने सांगितला.

"थांब," सुमेध म्हणाला. "आमच्या बिल्डिंगला टँकरचंच पाणी येतं."

"माहीत आहे."

"म्हणजे हे गाणं मला शिव्या देतंय."

"तुला म्हणजे तुमच्या पूर्ण सोसायटीला," ॲन्सेल्म आतून वायर जोडत म्हणाला. "तू फक्त ठेका धर."

सुमेधने ठेका धरला, आणि असा धरला की भिंतीची पानं थरथरली. माणसाला स्वतःवर चिडायची संधी मिळाली की तो फार चांगलं वाजवतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळपासून जमत नव्हतं. कधी तार तुटली, कधी बेसवाला चुकला, कधी वीज गेली. शेवटी एक टेक लागला. सगळं जागच्या जागी, एरॉलचा घसा फाटायच्या बेतात, आणि गाणं ऐन भरात असताना चर्चची बाराची घंटा झाली.

वसईच्या ख्रिस्ती गावांत दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला घंटा होते. घंटा झाली की हातातलं काम थांबवायचं, उभ्याउभ्या प्रार्थना म्हणायची आणि मग काम पुढे. नांगर धरलेला असो की पत्त्यांचा डाव, हात आपोआप कपाळाकडे जातो. हातभर जाड भिंतींतून आणि केळीच्या पानांच्या थरांतून पंपाचा आवाज आत येत नव्हता, पण घंटा आली. तिची वाट गावाच्या प्रत्येक माणसाच्या हाडांतून जात असावी. सगळ्यांत आधी कोण थांबलं असेल? सुमेध. फुलपाड्याचा, गणपतीच्या ढोलाचा सुमेध. दोनेक वर्षं या खोलीत घालवून त्याच्या हातांनाही सवय लागली होती. काठ्या मांडीवर ठेवून तो गप्प बसला. मग एरॉल थांबला, बेस थांबला. गिटारची नुसती गुणगुण राहिली. त्या गुणगुणीत तिघा-चौघांची पुटपुटलेली प्रार्थना. ती संपली, कुणीतरी नाक ओढलं, सुमेधने काठ्या उचलून चार मोजले, आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुटलं. पण आता त्यात काहीतरी भरलं होतं. दम धरलेल्या माणसाने एकदम तोंड उघडावं तसं.

मशीन चालूच होतं. बंद करायचं भान कुणालाच नव्हतं, ॲन्सेल्मचेही हात जोडलेले होते.

"पुन्हा घेऊ," एरॉल म्हणाला.

पुन्हा घेतलं, चार वेळा घेतलं. सगळे टेक नीट आले आणि सगळे मेलेले आले. संध्याकाळी ॲन्सेल्मने घंटेवाला टेक लावला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, "हाच जाईल."

बेटी दारात उभी होती. "प्रार्थना विकणार तुम्ही?"

उत्तराची वाट न बघता बेटी स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन फादरांकडे गेली. फादरांनी कानात बोटं घालून सुरुवातीचा भाग ऐकला, प्रार्थनेला बोटं काढली, नंतर पुन्हा घातली.

"पोरांनी प्रार्थना पूर्ण म्हटली ना? मध्ये तोडली नाही?"

"पूर्ण म्हटली, फादर."

"मग माझं यात काय काम आहे?"

ती कॅसेट चालली. रिक्षांत वाजली, बोटींवर वाजली, पाण्यासाठी लोकांनी रस्ता अडवला तिथे भोंग्यावर वाजली. भोंगा अर्थातच ॲन्सेल्मचा. बर्नार्डने कुंपण उंच करून घेतलं. आणि एके दिवशी अंधेरीच्या एका बड्या कॅसेट कंपनीतून संपदा नावाची मुलगी गाडीतून उतरली, सँडल हातात घेऊन चिखल ओलांडला आणि ओट्यावर बसून बेटीच्या हातचं सुकेळं खाल्लं. मुलगी साधी होती, डोंबिवलीची. तिला गाणं मनापासून आवडलं होतं.

"काका, आम्ही हे अख्ख्या देशात नेऊ," ती म्हणाली. "थोडं हिंदी करावं लागेल. मूळ टेप आमच्याकडे द्यावी लागेल. नाव आमच्या कंपनीचं. आणि मध्ये तो जो भाग आहे ना, जिथे बराच वेळ काही नाहीये, तो काढावा लागेल."

"काही नाही कसं? प्रार्थना आहे."

"हो, पण रेडिओवर असं शांत झालं की लोक स्टेशन बदलतात."

"बदलू देत. घंटा चालू असताना बदललं तर त्यांचं ते बघून घेतील वरती."

संपदा हसली. "मला पर्सनली तो भाग खूप आवडतो, काका."

"मग पर्सनल एक कॅसेट घेऊन जा. बेटी, हिला कॅसेट दे गो. आणि सुकेळीही बांध."

तरी जाताना ॲन्सेल्मने एक गोष्ट स्पष्ट केली. गाणं पोरांचं आहे, त्यांना विचारा. टेप माझी आहे, ती मिळणार नाही.

पोरांना विचारलं गेलं. एरॉलने सही केली नाही. म्हणाला, "गाण्यातून कादोडी वजा, घंटा वजा, आमचं नाव वजा. मामा, बाकी शून्य येते, आणि शून्यावर सही करायची?" गणिताच्या मास्तरला असे विनोद सुचतात आणि ते माफ करावे लागतात. पण सुमेध हसला नाही. तो दुसऱ्या दिवशी एकटाच केळ्यांच्या खोलीत आला.

"अंकल, तुम्हाला भोंगे आहेत. एरॉलला शाळा आहे. मी कामणला खोकी मोजतो. अंधेरीवाले मला कायमचं ठेवतायत, रेकॉर्डिंगला. हट्ट तुमचा आहे, आणि दिवस जातायत माझे."

ॲन्सेल्मने वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळलेली सोडली, पुन्हा गुंडाळली. कंपनी त्याची होती, पण कंपनी म्हणजे हेच दोन-तीन पोरगे होते. हा गेला की या खोलीत पुन्हा उंदीरच राहणार, हे त्याला दिसत होतं. टेप दिली तर पोरगा आनंदाने जाईल, कदाचित एरॉलही वळेल, आणि सुकेळी रेकॉर्ड्सचं नाव पुसलं जाईल. नाही दिली तर नाव राहील आणि माणसं जातील.

"जा," तो शेवटी म्हणाला. "मी काय दाराला कुलूप लावलंय? चांगलं वाजव. पण टेप नाही देणार. त्या टेपेत तू थांबलायस, सुमेध. कुणी सांगितलं नव्हतं तुला. ते कापायला मी कात्री देणार नाही. तू मागितलीस तरी नाही."

सुमेध गेला. काही महिन्यांनी अंधेरीच्या कंपनीचं हिंदी गाणं आलं. चाल एरॉलची सही लागू नये एवढी वाकडी केलेली, टँकरचा पनघट झालेला, आणि ठेका तोच, तोच माणूस वाजवत असलेला. मध्ये कुठे क्षणभरही शांतता नाही. टीव्हीवर ते दिवसभर लागायचं, मुली घागरी घेऊन नाचायच्या, आणि एकाही घागरीत पाणी नव्हतं. वाईट हे की ते खरंच खपलं. सणांत ॲन्सेल्मच्या टेबलापुढे उभे राहून इमारतीतले लोक विचारू लागले, "हे तुम्ही त्या हिंदी गाण्यावरून उचललं का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ॲन्सेल्मने समजावून सांगितलं. नंतर नंतर तो म्हणे, "हो, आणि समुद्र आम्ही जुहूवरून उचलला."

नाताळात सुमेध यायचा. बेटी त्याला पोटभर खाऊ घालायची. गाण्याचा विषय कुणी काढत नसे. ड्रमवर आता चर्चच्या क्वायरमधली इझाबेल बसायला लागली होती. ती सुमेधइतकी चांगली नव्हती, पण तिच्याहून जोरात वाजवणारं माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हतं. ॲन्सेल्मने तिच्यासाठी भिंतीवर पानांचा आणखी एक थर चढवला आणि पुढची कॅसेट काढली.

२००२च्या डिसेंबरात बर्नार्डच्या मुलीचं, जीनाचं, लग्न ठरलं. भोंगा आणि गाण्यांचं काम दुसऱ्या कुणाला देता येईना, कारण बर्नार्डच्या वाडीतल्या माडांवर चढायला दुसरा कुणी तयार नव्हता. बर्नार्ड स्वतः आला. "एकच अट. ते टँकरचं वाजणार नाही."

"तुझ्या घरचं कार्य आहे," ॲन्सेल्म म्हणाला. "तू सांगशील ते वाजेल."

तो हे मनापासून बोलला होता. यजमानाने मागितलेलं गाणं त्याने आयुष्यात कधी नाकारलं नव्हतं. भोंगेवाल्याचा धर्मच तो.

संध्याकाळची घंटा होऊन गेली होती. मांडवात दिवे लागले, नवरानवरी केक कापून बसली, लोकांनी ग्लास हातात घेतले. तेवढ्यात बर्नार्ड ॲन्सेल्मच्या टेबलाशी आला, पाच-सहा पाहुणे बरोबर, आणि खिशातून एक सीडी काढली. तीच, पनघटवाली.

"हे लाव. ओरिजिनल." मग पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "आमच्या गावात पण याची नक्कल केली होती एकाने. केळ्यांच्या खोलीत."

पाहुणे हसले. ॲन्सेल्मने सीडी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि तिच्यावर आपला चहाचा ग्लास ठेवला. मग त्याने कॅसेट डेक उघडला. उद्यापासून पैसेवाल्यांच्या घरची कामं बंद होणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि धर्म मोडतोय हेही. माडावरच्या भोंग्यातून टँकरचं गाणं सुटलं.

बर्नार्डला कळायला पहिली ओळ पुरली. "बंद कर," तो ओरडला. ॲन्सेल्मने आवाज वाढवला. पोरं नाचायला उठली होती, इझाबेल टेबलावर चमच्यांनी ठेका धरत होती, आणि जीनाने तर नवऱ्याला हाताला धरून मैदानात ओढलं. बापाच्या विहिरीवरचं गाणं तिला तोंडपाठ होतं. बर्नार्ड टेबलाला वळसा घालून आत आला. ॲन्सेल्मची कॉलर धरायला त्याने हात उचलला आणि तोंडात एक शिवी घेतली, चांगली जुनी, आजोबांच्या वेळची.

आणि भोंग्यातून घंटा झाली.

ती काही साधी घंटा नव्हती. याच गावची, याच चर्चची, या मांडवातल्या प्रत्येकाने पाळण्यात ऐकलेली. नाचणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. केटरिंगवाल्या पोराने झारा हवेत धरला. म्हाताऱ्यांनी ग्लास खाली ठेवले, काहींनी न ठेवताच हात कपाळाला लावला. आणि बर्नार्डचा उचललेला हात, जो कॉलरकडे निघाला होता, तो वाटेत वळून त्याच्याच कपाळावर गेला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. शिवी तोंडात तशीच राहिली आणि तिच्या जागी 'नमो मरिये' निघालं. आपण काय करतोय हे त्याला अर्ध्या प्रार्थनेत कळलं. पण अर्ध्यात तोडायची कशी? डोळे वटारून, ॲन्सेल्मकडे बघत, त्याने ती पूर्ण म्हटली. ॲन्सेल्मनेही म्हटली, त्याच्याकडे बघत.

शहरातल्या एका पाहुण्याने शेजाऱ्याला विचारलं, "बंद पडलं का?"

"बंद नाही पडलं," ॲन्सेल्म म्हणाला. "थांबलंय."

भोंग्यात कुणीतरी नाक ओढलं. सुमेधने चार मोजले आणि गाणं पुन्हा सुटलं, आणि या वेळी मांडवात बसून राहिलेलं कुणी नव्हतं. बर्नार्डला आता शिवी द्यावी तर जिभेवरची प्रार्थना अजून ओली होती. त्याने ग्लासाखालून सीडी ओढून घेतली, कोटाला पुसली.

"तुला पुढचं लग्न देणार नाही मी," तो म्हणाला.

"तुला एकच मुलगी," ॲन्सेल्म म्हणाला. "पुढचं कुणाचं, तुझं?"

आणि त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.